चहा संपेपर्यंत

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून एक बाटली गुंडाळली. शेवटचं म्हणून एकत्र केलेलं काम ते एवढंच. चपात्या बांधायचा चांदीसारखा कागद असतो, तो फाडून द्यायचं काम माझं आणि गुंडाळायचं तिचं. कडा मला दुमडू देत नसे. "तुमच्या दुमडीतून उजेड शिरतो," म्हणायची. मी जन्मभर टिप्परवर ताडपत्री बांधली. पाळीच्या खाणीवरून बार्जच्या धक्क्यापर्यंत खनिजाची माती नेली, रस्त्यावर चिमूटभर सांडू दिली नाही. आणि हिला माझी दुमड पसंत नाही!

बाटली अंगठ्याएवढी, आत केशरी पातळ रसायन. थोड्या वेळापूर्वी तेच रसायन जेलीसारखं घट्ट होतं. जांभळ्या दिव्याखाली धरलं तसं ते विरघळून पाणी झालं. आता रात्रभर काळोखात ठेवायचं आणि सकाळी बघायचं, आपलं आपण परत घट्ट होतं की नाही.

पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवून गेला होता. पाव मेजावर तसेच पडून होते. दुपारपासून तिची पाठ दुखत होती. खांद्यात कळ येते म्हणाली.

"डॉक्टराकडे चल," मी म्हटलं.

"गॅस असेल. सकाळी आधी बाटली बघू, मग जाऊ."

"बाटली काय पळून जाते?"

"पळत नाही, वाहते. तेच तर बघायचंय."

बाटली बिस्किटांच्या डब्यात घातली, डबा कोठीतल्या फळीवर ठेवला आणि तांबडा दिवा मालवून आम्ही बाहेर आलो. जेवलो, झोपलो. सकाळी उजाडता उजाडता ती गेली.

तेव्हापासून गावात एक गोष्ट फिरते आहे. पुंडलीकाची बायको सोप्यावर निजवलेली होती आणि हा दाढीवाला म्हातारा, म्हणजे मी, कोठीत दार लावून चहा पीत बसला होता. लोक खोटं बोलत नाहीत. प्यायलो मी. कप भरून प्यायलो. पण जे सांगत फिरतात त्यांना माझ्या बायकोबद्दल काडीची माहिती नाही, आणि राग त्याचा आहे.

दुसरा राग कॉलेजवाल्यांचा. त्यांनी शोकसभा घेतली. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली. एकेक जण उठला आणि म्हणाला, मॅडम साध्या होत्या, प्रेमळ होत्या, मनमिळाऊ होत्या. एकाने तर "सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या" म्हटलं. हे बोलणं कुठल्याही बाईच्या फोटोखाली चिकटवता येतं. नंतर एक मास्तर जवळ येऊन म्हणाला, "काका, आमच्या अंकासाठी मॅडमवर थोडं लिहून द्या ना. कसंही लिहा, आम्ही दुरुस्त करू."

काय दुरुस्त करणार? मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलो. अक्षर चांगलं आहे. लिहितो. छापायचं तर असंच छापा, नाही तर परत द्या.

साधी म्हणे! कुमुद साधी नव्हती. कुणाला सांभाळूनही घेत नव्हती. खोलीत आली की आधी माणसांकडे नाही, उजेड कुठून येतो ते बघायची. लग्नाच्या मांडवात गेलो तरी तेच. हॉटेलात बसलो तर पाठ जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे. चष्मा कपाळावर चढवलेला, पिशवीत कायम काळ्या कापडाचा तुकडा. कुणी विचारलं हे कशाला, तर म्हणायची, "लागतं." पुढे बोलायची नाही. तिला बोलतं करायचं तर चुकीचं काहीतरी बोलावं लागे, मग मात्र सोडत नसे.

माणसांची पारख तिने बाटलीवरूनच शिकून घेतली होती. ज्याच्यावर भरवसा ठेवता येतो तो "धरतो". ज्याच्यावर येत नाही तो "साबुदाणा". त्याचं कारण असं, की तिचं रसायन बिघडलं की जाळं धरायच्या ऐवजी त्याच्या गाठी होऊन तळाला बसत. बाटली डोळ्यांसमोर धरून म्हणायची, "झाला साबुदाणा." मग तीच भाषा सगळीकडे. पंचाला साबुदाणा, नळ दुरुस्त करायला येतो म्हणून न येणाऱ्याला साबुदाणा. माझ्या थोरल्या भावाने घराच्या वाटणीत शब्द फिरवला तेव्हा सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "भाऊजींचा साबुदाणा झाला." भाऊ वारला तरी माझी वयनी ते विसरली नाही. ही माझी सुमनवयनी, शेजारच्याच घरात राहते. तिचं नाव पुढे परत येणार आहे.

ती मूळची पेडण्याकडली, चोपड्याची. तिच्या बापाला नदीकाठी मानशीची मासळी धरायचा ठेका असे. मानस म्हणजे खाजनाच्या, खाऱ्या पाण्याकाठच्या शेतांच्या, बांधातली पाण्याची दारं. ओहोटीला दारं उघडायची, तोंडावर जाळं लावायचं आणि वर कंदील टांगायचा. उजेड बघून सुंगटं, म्हणजे कोळंबी, येतात आणि जाळ्यात सापडतात. ही लहानपणी बापासोबत बांधावर बसायची आणि विचारायची, "बाबा, उजेड सुंगटांना काय सांगतो?" बाप म्हणायचा, "ये म्हणून सांगतो." ते तिला पटलं नाही. "कुणी नीट उत्तर दिलं असतं तर मी दहावीनंतर घरी बसले असते," असं ती म्हणायची. मी म्हणायचो, बरं झालं नाही दिलं.

मी तिला बघायला गेलो तेव्हा ती कॉलेज शिकलेली होती आणि मी टिप्परचा मालक. त्या काळी डिचोलीच्या बाजूला टिप्परवाल्याला मुलगी सांगून यायची. तिने पोहे ठेवले आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "लग्नानंतर मी शिकले तर तुम्हाला काही अडचण?"

मी म्हटलं, "माझी अडचण खड्ड्यांची आणि टायरांची. तू शिकलीस म्हणून टायर फुटणार नाही."

ती हसली. तिचा भाऊ बाबल तेव्हा दारात उभा होता, तो अजून माझ्या त्या बोलण्याची नक्कल करतो.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. माझ्या आईने तांदळांत 'शालिनी' लिहून घेतलं. हिने मान खाली घालून ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी आईला म्हणाली, "तुम्ही हाक मारा शालिनी म्हणून, मी ओ देईन. पण सर्टिफिकेटावर कुमुद आहे, ते मी खोडणार नाही." घरात शालिनी, कॉलेजात कुमुद. मी चार माणसांत "अगो" म्हणायचो आणि दोघंच असलो की कुमुद. आता पेपरात जाहिरात देताना वयनीने फक्त शालिनी सांगितलं. मी फोन करून ते बदलायला लावलं. त्यावरूनही घरात आवाज चढले.

तिचं काम नेमकं काय होतं ते मला कळायला बरीच वर्षं लागली, आणि कळलं ते चवथीच्या फुगडीत. घरात गणपती होता. बायका सोप्यावर फुगड्या घालत होत्या. वयनी तिला म्हणाली, "गे शालिनी, तू दिवसभर त्या कॉलेजात किते करतेस ते सांग तरी एकदा. आमका कळूंदी."

कुणी दुसरी असती तर हसून टाळलं असतं. हिने पदर खोचला. सगळ्या बायकांना ओळीत उभं केलं आणि एकमेकींचे हात धरायला लावले. म्हणाली, "तुम्ही रेणू. रेणू म्हणजे डोळ्यांना दिसणार नाही एवढा बारीक कण. माझे रेणू असे हात धरतात. अशा ओळीच ओळी झाल्या की त्यांचं जाळं होतं, आणि जाळ्यात पातळ रसायन अडकून बसतं. मग बाटली पालथी घातली तरी खाली पडत नाही."

"आणि मग?"

"प्रत्येकीच्या कमरेत एक बिजागरी आहे. मी जांभळा उजेड टाकला की ती वाकते. वाका बघू सगळ्या."

बायका हसत हसत वाकल्या. वाकल्याबरोबर हात ताणले, सुटले, ओळ मोडली. दोघी एकमेकींवर आपटल्या.

"बघा. झालं पाणी. आता उजेड काढला. काळोखात बिजागरी आपली आपण सरळ होते. उभ्या राहा आणि हात धरा. मी सांगणार नाही कुणी कुणाचा धरायचा."

बायका उभ्या राहिल्या. परत ओळ झाली, पण पहिल्यासारखी नाही. तिघी कोपऱ्यात गोळा होऊन एकमेकींनाच धरून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हा साबुदाणा. हेच मला होऊ द्यायचं नाही. कितीही वेळा मोडलं तरी परत नीट ओळ धरली पाहिजे."

वयनी दम खात म्हणाली, "इतकी शिकून शेवटी फुगडीरच आयली!"

सगळ्या हसल्या. तीही हसली. मी आतल्या दारात पंचखाद्याचं ताट घेऊन उभा होतो, मी हसलो नाही. रात्री जेवताना तिला विचारलं, "हात असा सुटणारा कशाला? घट्टच धरणारा बनव ना."

ती म्हणाली, "हायड्रोजनचा हात आहे तो, सैलच असतो. सैल आहे म्हणून सुटतो, आणि सुटतो म्हणून परत धरता येतो. तुम्ही वेल्डिंग केलेलं एकदा तुटलं की आपलं आपण जुळतं का?"

"नाही."

"मग?"

त्यानंतर मी तिच्या कामाला नावं ठेवली नाहीत. कुणाला ठेवूही दिली नाहीत.

बाटली धरते की नाही हे बघायची तिची रीतही तिचीच. तिच्याकडे घड्याळ होतं, कॉलेजात यंत्रंही होती. पण पहिली परीक्षा ती चहाने घ्यायची. डाव्या हातात बाटली पालथी धरायची, उजव्या हातात चहाचा कप. सावकाश चहा प्यायची. कप रिकामा होईपर्यंत बाटलीतला थेंब हलला नाही तर म्हणायची, "धरलं." मध्येच घसरलं तर उरलेला चहा मोरीत ओतायची. फुकट गेलेल्या चहावरून मला कळायचं आज बाईसाहेबांचा दिवस कसा आहे. मी एकदा म्हटलं, लहान कप घे, लवकर धरेल. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर जाऊन बसलो.

आता त्या कॉलेजाचं सांगतो. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तिला तिथे एक खोली दिली होती. खोली कसली, जुनं सामान ठेवायची जागा. तिने स्वतःच्या हाताने जनेलांना काळा कागद लावला. आत फळ्यांवर बाटल्या, प्रत्येकीला चांदीचा कागद. त्यातल्या काही तिने वर्षानुवर्षं हलवल्या नव्हत्या. एकदा धरलेलं जाळं काळोखात किती काळ टिकतं ते तिला बघायचं होतं. नुसतं थांबायचं काम. दुसऱ्या कुणाला ते काम वाटलंच नसतं.

तिच्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षी कॉलेज तपासायला बाहेरून कमिटी यायची होती. ही आजारी भावाला बघायला चोपड्याला गेली होती. प्रिन्सिपॉल खोली बघायला आला आणि म्हणाला, ही काय भुताची खोली, साफ करा, बाटल्या दिसल्या पाहिजेत. शिपाई होता बसाप्पा, बेळगावकडला, देवमाणूस. मॅडमच्या वस्तू म्हणून त्याने जीव लावून साफ केलं. काळा कागद पाण्याने भिजवून खरवडला. प्रत्येक बाटलीचा चांदीचा कागद सोडवला, काच पुसली, आणि सगळ्या बाटल्या जनेलाच्या कठड्यावर उन्हात ओळीने मांडल्या, नावं पुढे करून. कमिटीने फोटो काढले. छान रंग आहेत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिला सोडायला मीच गेलो होतो. दारात ती थांबली. खोलीभर ऊन. बसाप्पा हात पुसत पुढे आला, "मॅडम, बघा कसं चकाचक केलंय!"

तिने एकेक बाटली उचलून बघितली आणि परत जागेवर ठेवली. सगळ्यांत जुनी बाटली तिने पालथी केली. रसायन झाकणावर आलं.

तोपर्यंत प्रिन्सिपॉल आला. म्हणाला, "मॅडम, एवढं काय? परत काळोखात ठेवा की. तुमचंच म्हणणं आहे ना, परत जुळतं म्हणून?"

ती म्हणाली, "जुळेल. पण मी जे मोजत होते तो काळोख होता. तो तुम्ही पुसलात."

एवढंच. मी मधे पडणार होतो. माझी मूठ वळलेली तिने बघितली आणि म्हणाली, "अहो, गाडी काढा." बसाप्पाला सगळं कळल्यावर तो तिथेच फरशीवर बसून रडायला लागला. ती त्याच्याजवळ वाकून म्हणाली, "तू सांगितलेलं केलंस. उठ." प्रिन्सिपॉलाला शोकसभेत तिचा साधेपणा आठवला. बाटल्या आठवल्या नाहीत.

निवृत्त झाल्यावर तिने आमच्या घरची कोठी मागितली. तिथे माझे टायर, जॅक, जुनं सगळं. खाणी बंद पडल्या तेव्हा पाळीपासून सगळ्या रस्त्यांवर टिप्पर उभे राहून गंजले, माझाही गंजला. तो मी भंगारात घातला. विकायच्या आधी मागचा तांबडा दिवा काढून ठेवला होता. का ते मलाही सांगता आलं नसतं. तिला कोठीत असा दिवा पाहिजे होता की ज्याच्या उजेडात रेणूंना काही होणार नाही. तांबड्याने होत नाही म्हणाली. मी तोच दिवा बॅटरीला जोडून भिंतीवर बसवला. तिने एक बाटली दिवसभर त्याच्याखाली ठेवून बघितली, काही झालं नाही. तेव्हा म्हणाली, "तुमचा टिप्पर धरतो."

जनेलावर माझी ताडपत्री. दोऱ्या मी बांधल्या, त्या मात्र तिने तपासल्या नाहीत.

त्या कोठीत तिने शेवटचा रेणू उभा केला. बनवायचं काम विद्यापीठातल्या तिच्या जुन्या मैत्रिणीकडे व्हायचं, मोडायचं आणि परत जुळतं का बघायचं आमच्याकडे. संध्याकाळी जांभळा दिवा, रात्रभर काळोख, सकाळी चहा. रोज मोडायचं, रोज धरायचं. आधीचे रेणू थोड्याच दिवसांत साबुदाणा व्हायचे, हा होत नव्हता. त्या संध्याकाळी कागद दुमडताना म्हणाली, "हा फेरा शेवटचा. उद्या धरलं तर मी लिहून पाठवणार. मग कुणी खरवडू दे नाही तर पुसू दे."

हे सगळं डोक्यात ठेवा, आणि मग त्या सकाळकडे या.

मी परसात दात घासत होतो. आत गाळणी पडल्याचा आवाज आला. गेलो तर ती चुलीपाशी खाली. गॅस जळत होता, टोपात चहा उकळत होता. मी गॅस बंद केला. हाका मारल्या. कुमुद म्हणून मारल्या, शालिनी म्हणून मारल्या. नाक्यावरचा डॉक्टर धावत आला, हात धरून बसला, मग त्याने हात खाली ठेवला. "झटका मोठा होता," म्हणाला. मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. त्याची काही चूक नव्हती. पण समोर तोच होता.

सोप्यावर चटई घातली, तिला निजवलं. बाबलला चोपड्याला फोन केला. तो येईपर्यंत थांबायचं ठरलं. घर माणसांनी भरलं. सुमनवयनीने ताबा घेतला. घरात असं झालं की सगळी दारं-जनेलं उघडायची, एकही बंद ठेवायचं नाही, जाणाऱ्याला वाट मोकळी हवी, ही आमच्याकडची रीत. वयनी खोलीखोलीतून फटाफट जनेलं उघडत निघाली.

"समई खंय आसा रे पुंडलीका?"

समई कोठीत होती. मी अंधारातच चाचपून काढून दिली आणि कोठीचं दार ओढून घेतलं.

"ते दार कित्याक लायलें? उघड."

"ते राहू दे."

"राहू दे म्हणजे? तिचो जीव अडकतलो मरे!"

"अडकू दे. तिकडे जाऊ नको."

ती दारापासून बाजूला झाली. मला वाटलं ऐकलं. पाहतो तर ती कोयता घेऊन घराच्या मागे निघालेली, ताडपत्रीच्या दोऱ्या बाहेरून कापायला. मी धावलो. जनेलाला पाठ लावून उभा राहिलो.

"हात लावलास तर बघ वयनी! सगळ्यांनी मिळून एकदा तिची खोली उघडलीत, आता ही उघडू देणार नाही!"

काय ओरडलो, किती ओरडलो, मला भान नव्हतं. सोप्यावरची माणसं मागे आली. कुणी म्हणालं, धक्का बसलाय, डॉक्टराला परत बोलवा. वयनी कोयता धरून तशीच उभी.  माझ्या आईच्या बरोबरीने तिनेच मला जेवायला घातलंय. पण त्या वेळी ती माझी कोणी नव्हती.

तेवढ्यात बाबल आला. बहिणीकडे बघून सरळ मागच्या अंगणात. डोळे लाल. म्हणाला, "भावजी, भितर किते आसा?"

"तिचं काम आहे."

"पुरं जावंक ना?"

"नाही. अजून कागद सोडून बघायचंय. आत उजेड गेला तर संपलं."

त्याने वयनीच्या हातातला कोयता हलकेच काढून घेतला आणि म्हणाला, "माझ्या भैणीन जल्मभर आमकां 'दिवो पालय' म्हणून वराडलां. हांव वळखतां. तुमी वचात भितर. हांव हंय बसतां." पालय म्हणजे मालव. मला आत जायला सांगून तो भिंतीला टेकून जनेलाखाली बसला.

मी कोठीत गेलो. दार लावलं, टिप्परचा दिवा लावला, डबा उघडला.

बाटली हातात घेतली आणि मला असा राग आला की काय सांगू. हिच्यासाठी ती डॉक्टराकडे गेली नाही. आधी बाटली, मग डॉक्टर! या अंगठ्याएवढ्या काचेने माझी बायको घेतली. हात वर गेला होता. भिंत समोर होती. फोडली असती तर कुणाला कळलंही नसतं. बाहेर रडण्याचा आवाज होताच.

तांबड्या उजेडात कागदाची कड दिसली. नखाने दाबून दाबून बसवलेली, एक फट नाही. एवढं माझ्या हाताला कधी जमलं नव्हतं. हात खाली आला.

बाटली परत डब्यात ठेवली आणि मी स्वयंपाकघरात गेलो. टोपात तिने उकळलेला चहा होता, दूध घालायचं राहिलेला, काळा, गार. मयत घरात असताना चूल पेटवत नाहीत, काही खात-पीत नाहीत, मला ठाऊक आहे. तो तिच्याच कपात ओतला. तिचा मोठा कप. तो घेऊन भरल्या सोप्यावरून, तिच्या पायांकडून, सगळ्यांच्या देखत कोठीत गेलो.  मग वयनीचा आवाज आला, "देवा! हो चाय पिता!"

दार लावलं. कागद सोडवला. जुन्या टायरवर कोपर टेकलं, बाटली हलू नये म्हणून. डाव्या हातात बाटली घेऊन पालथी केली आणि उजव्या हातातला कप तोंडाला लावला.

चहा कडू होता, गार होता, साखर नव्हती. मी सावकाश प्यायलो. घाईने प्यायलो असतो तर तिने मानलं नसतं. एक घोट घ्यायचा आणि बाटलीकडे बघायचं. वर केशरी, खाली रिकामी काच. घसरलं तर उरलेला मोरीत ओतायचा आणि बाहेर जायचं, एवढंच मी ठरवलं होतं.  तळाला चहाची पूड उरली, तीही प्यायलो.

बाटलीतलं जागचं हललं नाही.

मी ती परत गुंडाळली. माझ्या दुमडीने. त्यावर तिचं काळं कापड बांधलं आणि डब्यात ठेवली. पुढे ती विद्यापीठातली मैत्रीण येऊन घेऊन गेली, आता तिचं काम ती करील.

मी बाहेर आलो. माणसांनी बाजूला होऊन वाट दिली, काही तिरस्कारानेच. समई जळत होती. मी तिच्या उशाशी गुडघे टेकले आणि कानाजवळ तोंड नेलं. लोकांना वाटलं देवाचं नाव घेतो आहे.

"धरलं गो, कुमुद," मी म्हटलं.

मग स्वयंपाकघरात गेलो, तिचा कप विसळला आणि मेजावर पालथा घालून ठेवला.